डायोड सुरू की बंद, हे ठरवायचे कसे?

प्रश्न : मी नागपूरच्या एका तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. सरावासाठी दिलेल्या एका सर्किटमध्ये +१२ व्होल्टपासून ३ किलोओहमचा रेझिस्टर 'अ' बिंदूपर्यंत येतो. 'अ'पासून पहिला डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) ग्राउंडकडे, म्हणजे शून्य व्होल्टकडे, जातो आणि दुसरा डायोड 'ब' बिंदूकडे जातो, 'ब'पासून १.५ किलोओहमचा रेझिस्टर −९ व्होल्टला जोडलेला आहे. दोन्ही डायोडांचे अॅनोड (प्रवाह आत शिरतो ते टोक) 'अ'वर आहेत. डायोड काढून पाहिले तर दोघांवरही फॉरवर्ड, म्हणजे सुलट दिशेचे, व्होल्टेज दिसते, म्हणून मी दोन्ही सुरू धरले. पण पहिल्या डायोडचा प्रवाह ऋण आला. उत्तरात तो बंद दाखवला आहे. अॅनोडकडे १२ व्होल्ट असताना तो बंद कसा? शिवाय ब्रेडबोर्डवर १एन४००७ जातीचे सिलिकॉन डायोड लावून मोजले, तेव्हा दुसऱ्या डायोडवर नेहमी गृहीत धरतात त्या ०.७ऐवजी ०.६२ व्होल्टच का मिळाले?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : आपल्याला मिळालेले ऋण चिन्ह हे आकडेमोडीतील चूक नसून सर्किटनेच दिलेले उत्तर आहे, आणि ते नीट वाचले की पुढची वाट आपोआप दिसते. दोन्ही डायोड सुरू धरून प्रत्येकावर ०.७ व्होल्ट मानले, तर 'अ' ०.७ व्होल्टवर आणि 'ब' शून्यावर येतो. वरच्या रेझिस्टरमधून ११.३ भागिले ३, म्हणजे ३.७७ मिलिअँपिअर येतात. खालचा रेझिस्टर मात्र ९ भागिले १.५, म्हणजे ६ मिलिअँपिअर ओढतो. उरलेले २.२३ मिलिअँपिअर ग्राउंडकडून पहिल्या डायोडमधून उलटे यावे लागतील, आणि डायोड तेवढे उलटे येऊ देत नाही. म्हणून गृहीतक बदलायचे.

आता पहिला डायोड बंद, म्हणजे त्या जागी तार तुटलेली आहे असे समजा. +१२पासून −९पर्यंत एकच मार्ग उरतो : २१ मधून ०.७ वजा करून ४.५ किलोओहमने भागले की ४.५१ मिलिअँपिअर मिळतात. 'अ' बिंदूचे व्होल्टेज १२ वजा १३.५३, म्हणजे −१.५३ व्होल्ट येते. पहिल्या डायोडच्या अॅनोडचे व्होल्टेज कॅथोडपेक्षा (ग्राउंडला जोडलेल्या दुसऱ्या टोकापेक्षा) कमी आहे, म्हणून तो खरोखरच बंद आहे. दुसऱ्यातून प्रवाह योग्य दिशेने वाहतो, म्हणून तो सुरू आहे. दोन्ही कसोट्या जुळल्या.

आपली अडचण नेमकी येथे आहे : सर्व डायोड एकदम काढून पाहण्याची युक्ती एकाच डायोडच्या सर्किटमध्ये निर्णायक ठरते, पण डायोड दोन झाले की ती केवळ पहिला अंदाज देते. दोन्ही काढल्यावर पहिल्यावर १२ आणि दुसऱ्यावर २१ व्होल्ट दिसतात हे खरे. परंतु दुसरा सुरू होताच 'अ' बिंदू खाली खेचला जातो आणि पहिल्याची फॉरवर्ड स्थिती संपते. डायोडचा अॅनोड +१२ला नव्हे, 'अ' बिंदूला जोडलेला आहे, आणि 'अ'चे व्होल्टेज सर्व शाखा मिळून ठरवतात. हे पटवून घ्यायचे असेल तर दोन रेझिस्टरांची अदलाबदल करून पाहा. वर १.५ आणि खाली ३ किलोओहम ठेवले, तर वरून ७.५३ मिलिअँपिअर येतात, खाली ३ जातात आणि उरलेले ४.५३ पहिल्या डायोडमधून सुलट दिशेने ग्राउंडला जातात. म्हणजे त्याच सर्किटमध्ये आता दोन्ही डायोड सुरू असतात.

पडताळणी करताना एक काळजी आवर्जून घ्यावी. सुरू धरलेल्या डायोडचा प्रवाह तपासायचा आणि बंद धरलेल्याचे व्होल्टेज तपासायचे. सुरू डायोडवर ०.७ व्होल्ट आहेत हे पाहून समाधान मानण्यात अर्थ नाही, कारण ते आपणच गृहीत धरलेले असतात.

आता ०.६२ विषयी. सिलिकॉन डायोडचे ०.७ व्होल्ट ही सोयीची सरासरी आहे. प्रवाह वाढला की हे व्होल्टेज हळूहळू वाढते. १ अँपिअरसाठी बनवलेल्या १एन४००७वर पूर्ण प्रवाहाला ते १.१ व्होल्टपर्यंत जाऊ शकते, आणि आपला प्रवाह तर जेमतेम साडेचार मिलिअँपिअर आहे. त्यातच प्रवाह तोच असताना तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की ते सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते. नागपूरच्या मे महिन्यात खोलीचे तापमान ४० अंशांवर असेल, तर २५ अंशांच्या तुलनेत तेवढ्यानेच सुमारे ३० मिलिव्होल्ट कमी होतात. तेव्हा आपले माप योग्यच आहे.

०.७ऐवजी ०.६२ घालून गणित पुन्हा केले, तर प्रवाह ४.५१ऐवजी ४.५३ मिलिअँपिअर येतो. नेहमीच्या रेझिस्टरांची किंमतच पाच टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकते, म्हणून येथे हा फरक सोडून द्यावा. मात्र १.५ व्होल्टच्या एका सेलवर एक डायोड आणि एक रेझिस्टर असेल, तर रेझिस्टरच्या वाट्याला ०.८ की ०.८८ व्होल्ट येतात, यावर प्रवाहात दहा टक्क्यांचा फरक पडतो. तिथे मोजलेले व्होल्टेजच वापरावे.