मराठी ईमेलचा विषय काही जणांकडेच तुटतो, टेस्टिंग कसं करायचं?

तुम्ही म्हणताय की तुमच्या सॉफ्टवेअरमधून गेलेल्या मेलचा मराठी विषय काहींना नीट दिसतो आणि काहींना मध्येच काळ्या शंकरपाळ्यातलं प्रश्नचिन्ह येतं. आमच्या जुन्या टीममध्ये अगदी हेच झालं होतं. आम्ही टेस्टला विषय टाकायचो 'नमस्कार', तो कायम पास, आणि लाइव्हला 'तुमच्या दुसऱ्या हप्त्याची पावती' गेल्यावर हप्त्यातला 'ह'च गायब.

कारण असं, की जुन्या नियमानुसार मेलच्या हेडरमध्ये फक्त आस्की (साधी इंग्रजी अक्षरं, अंक, चिन्हं) चालतं, म्हणून १९९६च्या आरएफसी २०४७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) प्रमाणे मराठी मजकूर बेस६४ करून, म्हणजे दर ३ बाइट ४ साध्या चिन्हांत लिहून, तुकड्यांमध्ये पाठवतात. एक तुकडा जास्तीत जास्त ७५ कॅरेक्टरचा, त्यातली १२ आजूबाजूच्या खुणांत जातात, उरलेल्यात ४५ बाइट बसतात. यूटीएफ-८मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, हलंत ३ बाइटचं, म्हणजे १५ झाले की दुसरा तुकडा. नियम आहे की अक्षर मधून कापायचं नाही. आमचा कोड सरळ दर ४५ बाइटला कापायचा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, मग बिघडलं कुठे? तर स्पेस १ बाइटची असते! वरच्या विषयात दुसरी स्पेस ४४व्या बाइटवर संपते, आणि ४५वा बाइट म्हणजे 'ह'च्या तीन बाइटांपैकी पहिला. काही मेल अ‍ॅप तुकडे आधी जोडून मग वाचतात, तिथे सगळं ठीक दिसतं, जी नियमाप्रमाणे एकेक तुकडा वाचतात तिथे 'ह' फुटतो. त्या अ‍ॅपची काही चूक नाही.

सगळ्यात जास्त वेळ यात गेला, की आमचा टेस्टर विषयापुढे इंग्रजी १ लावायचा, आणि त्या एका बाइटने सगळं पुढे सरकून कट बरोबर स्पेसनंतर यायचा, मग बग दिसणार कसा.

म्हणून विषय लांब घ्या, पुढे शून्य ते दहा इंग्रजी अक्षरं लावून लूपमध्ये पाठवा, आणि इनबॉक्स बघून पास देऊ नका, मेलचा मूळ कच्चा मजकूर दाखवणारं 'शो ओरिजिनल' उघडा. देवनागरीने सुरू होणारा प्रत्येक तुकडा सुरुवातीच्या खुणांनंतर ४-के-एस (4KS) किंवा ४-के-डब्ल्यू (4KW) असाच सुरू व्हायला हवा, कट अक्षरात पडला असेल तर लगेच कळतं. 'दुसऱ्या', 'बाळ', 'ॲड' असे ऱ, ळ, ॲ ही अक्षरं असलेले शब्दही मुद्दाम घाला. अटॅचमेंटचं मराठी नाव मात्र वेगळं तपासा, त्याचं एन्कोडिंग वेगळ्या नियमाने, आरएफसी २२३१ने होतं, विषय पास झाला म्हणून ते पास धरू नका.