नवरा २१ चा, बायको १९ ची: क्रूझचं बुकिंग होते का?

तुमचा प्रश्न असा: लग्न मागच्या उन्हाळ्यात झालं, नवऱ्याला २१ पूर्ण, बायको १९ ची, राहणं दर्यापूर तालुक्यात. सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर जायचं आहे आणि एजंट म्हणतो, दोघंही २१ चे पाहिजेत, नाहीतर घरचं मोठं माणूस सोबत घ्या.

मोठं माणूस घ्यायची गरज नाही भाऊ. एजंटने अमेरिकेचा नियम सिंगापूरला लावला, आणि तोही अर्धाच वाचला.

वयाची अट जहाज कुठून सुटते यावर ठरते. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचंच घ्या. उत्तर अमेरिकेतून सुटणाऱ्या फेऱ्यांना प्रत्येक केबिनमध्ये निदान एक जण २१ वर्षांचा लागतो. आशिया, युरोप, ऑस्ट्रेलियातून सुटणाऱ्या फेऱ्यांना १८ पुरतात. म्हणजे सिंगापूरहून तुम्ही दोघंही नियमात बसता. उद्या मायामीहून जायचं म्हटलं तरी अडत नाही, कारण अट केबिनमागे एकाची आहे, दोघांची नाही. नॉर्वेजियन या कंपनीचाही अमेरिकेतला नियम याच धर्तीचा आहे. नवराबायको दोघंही २१ च्या आतले असतील तर लग्नाचा दाखला दाखवून या कंपन्या सूट देतात. तिकडे १८ व्या वर्षी लग्न करता येते, म्हणून ती सूट ठेवावी लागली. आपल्याकडे २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने नवऱ्याला २१ आणि बायकोला १८ पूर्ण लागतात, त्यामुळे कायद्यात बसणाऱ्या लग्नात केबिनमधला एक जण २१ चा असतोच. (बायको १८ च्या आतली असेल तर मात्र विषयच वेगळा. लग्नाची नोंदणी होणार नाही, जहाजवाले तिला अल्पवयीनच धरतील, आणि तो गुन्हाही आहे.)

अमेरिकेच्या फेरीत घोळ होतो तो केबिन वाटताना. दोन भाऊ आणि दोन जावा निघाल्या, आणि एजंटने गडी एका केबिनमध्ये, बाया दुसऱ्या केबिनमध्ये टाकल्या. दोन्ही जावा १९-२० च्या असल्या की ती केबिन नियमात बसत नाही. कागदावर जोडीनेच नावं घालायला सांगा.

वय मोजतात ते जहाज सुटण्याच्या दिवशीचं, बुकिंगच्या दिवशीचं नाही, आणि पासपोर्टवरच्या जन्मतारखेने. आपल्या भागातली खरी अडचण इथं आहे. आधार काढताना तारीख आठवली नाही की कित्येकांना १ जानेवारी टाकून दिलेली असते, आणि शाळेच्या टीसीवर जून किंवा ऑगस्ट निघतो. पासपोर्टचा अर्ज भरायच्या आधी दोन्ही कागद समोर ठेवून तारीख जुळवा. नसेल जुळत तर आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज.

नावाचंही तेच. बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर व्हिसा, विमान आणि क्रूझ तिन्ही त्याच नावाने काढा. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती आपल्याकडे नाही. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि तिकीट सासरच्या नावाचं, असं झालं की बंदरावर कोणी ऐकून घेत नाही. आडनावाचा रकाना रिकामा असलेला पासपोर्टही तपासून घ्या. दुबईहून क्रूझ घ्यायची झाली तर नोव्हेंबर २०२२ पासून एकेरी नावाच्या पासपोर्टवर अमिरातीत पर्यटक म्हणून शिरता येत नाही. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची सहा महिने मुदत शिल्लक पाहिजे. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच घ्या, कारण जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापुरातच येते आणि तुम्ही दुसऱ्यांदा देशात शिरता.

सिंगापूरच्या फेरीत वयासाठी लग्नाचा दाखला लागत नाही, पण काढून ठेवा. गावात विवाह निबंधक म्हणजे आपला ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी). नमुना ‘ड’ भरायचा, दोघांचे टीसी आणि आधार, लग्नपत्रिका, लग्नाचा एक फोटो, तीन साक्षीदार त्यांच्या आधारसह, आणि लग्न लावणाऱ्या भटजींची किंवा बौद्धाचार्यांची सही. एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं असतात, तेव्हा आधी दिवस विचारून मगच साक्षीदारांना वावरातून बोलवा. नोंदणी ९० दिवसांत करायची असते. तुमची मुदत उलटली असली तरी जास्तीची फी भरून होते. सामूहिक विवाह मेळाव्यात संस्थेने दिलेलं रंगीत प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे, ते कुठंच चालत नाही. दाखला फक्त मराठीत मिळाला तर इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा.

नवीन जोडप्यांनी विसरू नये अशी आणखी एक अट आहे, आणि ती वयापेक्षा कडक आहे. क्रूझ संपायच्या दिवसापर्यंत गर्भारपणाचा २४ वा आठवडा लागत असेल तर रॉयल कॅरिबियन चढूच देत नाही, बऱ्याच कंपन्यांची मर्यादा हीच आहे. तिकीट सहा महिने आधी काढता, तेव्हा रद्द केल्यास किती पैसे कापतात हे लेखी घ्या. त्याच्या आतले आठवडे असले तरी डॉक्टरांचं पत्र सोबत हवं, त्यात प्रसूतीची अंदाजे तारीख लिहिलेली.

जहाजावरच्या खर्चासाठी चढतानाच कार्ड नोंदवतात. डेबिट कार्ड दिलं तर रक्कम अडकून राहते आणि सुटायला दिवस लागतात. क्रेडिट कार्ड नसेल तर रोख अनामत ठेवता येते का ते बुकिंग करतानाच विचारा.

पासपोर्टला वेळ लागत असेल तर कॉर्डेलिया या आपल्याकडच्या क्रूझ कंपनीची मुंबई-गोवा फेरी देशातल्या देशात असल्याने पासपोर्टशिवाय होते, आधार किंवा मतदार कार्ड चालते. तिथली वयाची अट कंपनीकडून वेगळी विचारून घ्या. आणि रात्रीच्या गाडीने सकाळी सीएसएमटीला उतरून त्याच दुपारी जहाजावर चढायचा बेत ठेवू नका. गाडी उशिरा आली तर जहाज थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. आदल्या दिवशीच मुंबई गाठा.