पिंजऱ्यात जन्मलेले पोपट गोरेवाड्यात सोडू नका, भाऊ

भाऊ, तुमच्या पोपटांच्या जोडीची दोन पिल्लं पिंजऱ्यातच वाढली, आता ती नागपूरच्या गोरेवाडा जंगलात सोडू का, असं तुम्ही विचारलंय. ‘हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडं पेंचच्या जंगलात सोडतात, मग माझे पोपट का नाही?’ हेही लिहिलंय. वाचून पोटात कालवलं. वडिलांच्या पिंजऱ्यात जन्मलेली तीन पिल्लं मीही अशीच सोडली होती.

देशी पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे, ते तुम्हाला माहीत असेलच. पिल्लं सोडण्याआधी मी विचारायला एका कार्यालयात गेलो होतो. पहिल्या दिवशी ‘साहेब दौऱ्यावर’, दुसऱ्या दिवशी ‘अर्ज आणा’, तिसऱ्यांदा ‘हे आमच्याकडे येतच नाही’. कुणाकडे येतं, ते मात्र सांगेनात. चौथ्या खेपेनंतर मी चिडलो आणि सकाळी अंबाझरी तलावावर जाऊन पिंजऱ्याचं दार उघडलं. माझी सगळ्यात मोठी चूक तीच. दुसऱ्या दिवशी एक पिल्लू चहाच्या टपरीवर माणसांच्या हातावर बसलेलं सापडलं, पंख फाटलेला. दोन दिवसांत गेलं. बाकीची दोन पुन्हा दिसली नाहीत. माणसाला न भिणारं पाखरू शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याला काय ओळखणार?

गिधाडांची गोष्ट वेगळी आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन ती संपत आली. मादी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे आपोआप सावरायला पिढ्या जातील. म्हणून प्रजनन केंद्र. जनावरांसाठी त्या औषधावर 2006 मध्ये बंदी आली. 2024 च्या जानेवारीत पेंचला आणलेली 10 गिधाडंही लगेच उडवली नाहीत. काही महिने जंगलातल्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवली, मग माग काढणारे टॅग लावून सोडली. एवढं करूनही ताडोब्यात अशाच सोडलेल्या गिधाडांपैकी काही दगावलीच. माझं ठाम मत आहे की ज्या कारणाने प्राणी संपला ते कारण आधी दूर व्हावं, नंतर सोडण्याची भाषा. पोपट तर नागपुरात अजूनही सर्रास दिसतात. उलट पिंजऱ्यातल्या पक्ष्याबरोबर चोच-पिसांचा रोग रानातल्या थव्यात जाऊ शकतो.

मी पशुवैद्य नाही, वकीलही नाही. तरी 1926 वर वनविभागाला फोन करा आणि पक्षी रीतसर उपचार केंद्रात द्या. कुणाशी, किती वाजता बोललात ते लिहून ठेवा, पोचपावती घ्या. माझ्याकडे कुठलाच कागद नव्हता. आणि तोवर आईबापांना वेगळं ठेवा, म्हणजे आणखी अंडी होणार नाहीत.