मनालीला बर्फ पडत असताना ड्रोन उडवला तर चालेल का?

बर्फ पडत असताना नकोच. हवा उघडली की उडवा, पण जपून.

सगळ्यात मोठा धोका बॅटरीचा. थंडीत लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे जोर लावला की व्होल्टेज धाडकन खाली येतं. मनालीजवळच्या सोलंगला माझ्या स्क्रीनवर ५५ टक्के दिसत होते. परतताना समोरून वारा आला आणि मिनिटभरात आकडा तिशीखाली! तेव्हापासून बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवतो, आधी मिनिटभर ड्रोन डोक्याइतक्या उंचीवर स्थिर ठेवतो आणि अर्धी बॅटरी उरली की परत बोलावतो. डीजेआय मिनी २ या छोट्या ड्रोनसाठी तर कंपनीनेच किमान तापमान ० अंश दिलंय, हेही लक्षात असू द्या.

दुसरं म्हणजे पंख्यांवर जमणारा बर्फ. पातळसा थर बसला तरी पात्याचा आकार बिघडतो, उचल कमी होते, थरथर सुरू होते. ढगात, धुक्यात तर अजिबात नेऊ नका.

पांढऱ्याशुभ्र बर्फावर खालचे सेन्सर गोंधळतात, उतरताना ड्रोन सरकतो. भुसभुशीत बर्फ उडून मोटरमध्ये जातो. गाडीतली रबरी मॅट अंथरून तिच्यावर उतरवा.

खोलीवर आल्यावर थंडगार ड्रोन लगेच हीटरजवळ ठेवू नका. आत दव धरतं. बॅगेची चेन बंद ठेवून तासभर तसाच राहू द्या.

आणि निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन वेबसाइटच्या नकाशावर तो भाग रेड झोनमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवायला बंदी असलेल्या भागात नाही ना, एवढं नक्की बघा.