जोर न लावता सूर ठळक कसा करायचा?

प्रश्न : मी काही वर्षे पियानो शिकत आहे. हार्प्सिकॉर्ड या पियानोआधीच्या वाद्याची पट्टी हळू दाबली काय किंवा जोरात दाबली काय, आवाज सारखाच येतो असे कळले. मग त्यावर भाव कसा आणतात? आणि आजचा पियानो असताना या जुन्या वाद्यांकडे वळून नेमके काय मिळते?

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. पट्टी दाबताच आतली लाकडाची उभी चिपटी वर उचलली जाते आणि तिच्यात बसवलेले पिसाच्या देठाचे टोक तार छेडते. बोटाच्या जोराने आवाजात जवळजवळ फरक पडत नाही. त्यामुळे वादकाचे सारे कसब वेळ साधण्यावर येऊन ठेपते. एखादा सूर ठळक हवा असेल, तर त्याआधीचा सूर जरा लवकर सोडतात किंवा तो सूरच किंचित उशिरा छेडतात, आणि मधल्या त्या निमिषभराच्या शांततेमुळे कानाला तो मोठा वाटतो. फ्रेंच संगीतकार फ्रान्स्वा कुपराँ यांनी १७१६ सालच्या वादनविषयक ग्रंथात हेच दोन उपाय सांगितले आहेत. उलट, ओळ वाहती हवी असेल तेव्हा पुढची पट्टी दाबली जाईपर्यंत मागची धरून ठेवतात. पट्टी कधी सोडायची याचा इतका बारकाईने विचार पियानोच्या वर्गात क्वचितच होतो, याची मला खंत वाटते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर संगीतकार बीथोव्हेनच्या १८०१ सालच्या 'मूनलाइट' सोनाटात, म्हणजे पियानोसाठीच्या अनेक भागांच्या रचनेत, सापडते. पहिला भाग तारांवरचे दाबक (पट्टी सोडताच सूर थांबवणारे भाग) उचललेले ठेवूनच वाजवावा, अशी त्यांची सूचना आहे. आजच्या पियानोवर ती शब्दशः पाळली, तर सूर एकमेकांवर साचून सगळे गढूळ होते, म्हणून पुष्कळ वादक दाबक उचलणारे पायाखालचे पेडल वारंवार सोडून पुन्हा दाबतात. त्या काळच्या व्हिएन्नातील पियानोंना मात्र अखंड लोखंडी चौकट नव्हती, तारा बारीक होत्या, छोट्या हातोड्यांवर चामडे होते आणि सूर लवकर विरत असे. त्यावर तीच सूचना अगदी वाजवी ठरते.

हार्प्सिकॉर्डच्या काळातले संगीतकार बाख यांच्या रचना पियानोवर वाजवण्यात काही गैर आहे, असे मी मानत नाही. तरीही हार्प्सिकॉर्ड हाताशी येईपर्यंत आपल्या पियानोवरच बाखची एखादी इन्व्हेन्शन, म्हणजे दोन स्वतंत्र सुरावटी एकत्र चालणारी छोटी रचना, घ्या, सगळे सूर एकाच जोराने वाजवा आणि केवळ पट्ट्या सोडण्याच्या वेळा बदलून प्रत्येक वाक्य कुठे संपते हे ऐकणाऱ्याला कळते का, ते पाहा.