दुकानात बसलं की देव आठवत नाही, काय करू?

प्रश्न : ताई, सलाम. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. सकाळी घरात कुटुंब प्रार्थना होते, रविवारची उपासना सहसा चुकत नाही, पण सौदे चालू झाले की संध्याकाळपर्यंत देवाची आठवणसुद्धा येत नाही. आली तरी भीतीच वाटते, वरून सीसीटीव्ही चालू असल्यासारखी. शेठ सांगतात तसं पोत्यामागं कडता (वजनातली कपात) धरून मी पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदावर, वजन कमी लिहितो, तेव्हा तर हमखास वाटतं की कुणीतरी बघतंय. पाळकसाहेब म्हणाले प्रार्थना वाढवा. वाढवली, पण फरक नाही. देवाच्या सान्निध्यात सतत कसं राहायचं?

उत्तर : भाऊ, सलाम. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला तरी वाटतं की ते कडत्याचं एक वाक्य सांगायलाच तुम्ही बाकीचं सगळं लिहिलंय. प्रार्थना वाढवून फरक कसा पडेल, प्रार्थनेत कमी होतीच कुठं? गडबड पट्टीवर आहे. हल्ली काटा इलेक्ट्रॉनिक असतो, आकडा शेतकऱ्याला समोर दिसतो, हमालाला दिसतो, आणि तोच आकडा पट्टीवर उतरताना पोत्यामागं थोडा थोडा खाली येतो, आणि तो खाली आणणारा पेन तुमच्या हातात आहे. अक्षय तृतीयेच्या आसपास लावलेली हळद, मग काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश, एवढं सगळं करून टेम्पो भाड्यानं लावून तो माणूस सांगलीत आलेला असतो. मग देव आठवला की भीती वाटणार नाही तर काय होणार?

बायबलमधल्या उत्पत्तीच्या 3 ऱ्या अध्यायात मना केलेलं फळ खाऊन आदाम झाडांमागं लपला तेव्हा देव काही वेगळा होऊन आला नव्हता, तो बागेत फिरत आला आणि कुठं आहेस म्हणून हाक मारली. बदलला होता आदाम. तुमचा तो सीसीटीव्ही मला तिथलाच वाटतो. त्याच्या उलट 139 वं स्तोत्र बघा, आकाशात गेलो तरी तू, अधोलोकात अंथरूण टाकलं तरी तू, असं म्हणत म्हणत शेवटी तोच माणूस देवाला म्हणतो की माझं मन तपासून बघ. ज्याला लपवायचं असतं तो असं बोलवून घेत नाही.

आता सतत सान्निध्य म्हणजे काय, ह्यात आपल्या लोकांचा फार घोळ होतो. सतत म्हणजे दिवसभर मनात देवाचा विचार घोळत राहिला पाहिजे असं आपण धरून चालतो, आणि भाव पुकारला जात असताना तसा विचार कुणाच्याच मनात राहत नाही, राहू पण नये, नाहीतर हिशेब चुकेल. योसेफाचं घ्या. भावांनी विकलेला, मिसर देशात गुलाम. त्याचा मालक पोटीफर, त्याच्या घरचा सगळा कारभार त्याच्या हातात, म्हणजे दिवाणजीच की तो. आपलं माणूस जवळ नाही, मंदिर नाही, मोशेचं नियमशास्त्र तर अजून यायचंय. तरी उत्पत्ती 39 मध्ये परमेश्वर योसेफाबरोबर होता हे चार वेळा लिहिलंय, आणि योसेफाला आतून काय वाटत होतं ह्याबद्दल एक अक्षर नाही! कळतं ते एवढंच की मालकाची बायको मागं लागली तेव्हा तो म्हणाला मी देवाविरुद्ध असं पाप कसं करू. देव समोर आहे हे त्याच्या नकारातून दिसलं.

आणि पुढचं पण वाचा, कारण उपदेशात ते घाईनं उरकतात. नकार दिला म्हणून त्याला बढती नाही मिळाली, तुरुंग मिळाला. त्या चार वेळांपैकी दोन वेळा तुरुंगातल्या आहेत. त्यामुळं खरं वजन लिहिलंत की धंद्यात आशीर्वादच आशीर्वाद असं मी तुम्हाला सांगणार नाही, नोकरी जाऊ शकते. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू शिष्यांना काय म्हणाला (योहान 14), तर जो माझ्या आज्ञा पाळतो त्याला मी प्रगट होईन, पिता आणि मी त्याच्याकडं येऊन राहू. आपण क्रम उलटा लावतो, आधी देव जवळ असल्यासारखं वाटू दे मग पाळतो.

तर करायचं काय. आधी घरात बायकोशी बोला, पगार दोघांच्या संसाराचा आहे, तिला न विचारता शूरपणा नको. मग सौदे सुरू व्हायच्या आधी, चार माणसं नसताना, शेठना सांगा की काट्यावर येईल तेच वजन मी लिहिणार. शेठचं पाप काढू नका, वचनं ऐकवू नका, तुमच्या हातचं तेवढं बोला. शेठना अंधारात ठेवून गुपचूप आकडे बदलू नका, ती पण लबाडीच झाली. दुसरीकडं काम बघायला आजच सुरुवात करा, त्यात अविश्वास वगैरे काही नाही. आणि पट्टीवर वजन लिहिताना मनात एकच वाक्य, प्रभू, तुझ्यासमोर लिहितोय. बाकी दिवसभर विसरलात तर विसरलात, आठवेल तिथून पुढं.

प्रश्न : मी मिरजेला कॉलेजला आहे. प्रत्येक गोष्ट देवाला विचारून करायची म्हणतात. मग सकाळी कुठला शर्ट घालायचा हे पण विचारायचं का?

उत्तर : नको रे बाबा. इस्त्री केलेला असेल तो घाल. ज्यावर त्यानं आधीच स्पष्ट सांगितलंय, खोटं बोलू नको, आईवडिलांचा मान राख, ते करत राहिलास की विचारण्यासारख्या गोष्टी फार थोड्या उरतात, आणि त्या आल्यावर तुला कळतीलच.

प्रश्न : ताई, मी साताऱ्याची. सासूबाई वर्षभर अंथरुणावर आहेत, दोन लहान मुलं, मिस्टरांची शिफ्ट. मंडळीतल्या बायका पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करतात. मला पाच मिनिटं शांत मिळत नाहीत, रविवारी पण जायला जमत नाही. मी देवापासून लांब चाललेय का?

उत्तर : नाही चाललात. रात्री दोनदा उठणाऱ्या बाईनं परत चारला उठायचं हे कुणी सांगितलं? पॅरिसमधल्या एका मठात 17 व्या शतकात ब्रदर लॉरेन्स म्हणून होते, आधी सैनिक, लढाईत पाय जायबंदी झालेला, मठात त्यांच्या वाट्याला आलं स्वयंपाकघर, आणि ते काम त्यांना मनापासून आवडायचं नाही, ही गोष्ट मला फार आवडते. तरी भांड्यांच्या खडखडाटात ते देवाशी जसे बोलायचे तसेच प्रार्थनेच्या वेळी, त्यांना दोन्ही वेळा सारख्याच वाटायच्या. चुकलं की देवाला सांगायचे आणि पुढच्या कामाला लागायचे, रडत बसायचे नाहीत.

तुमच्या साताऱ्याचं पण सांगते. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून तिथं देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही त्यात जागा होती. त्यांची भजनं आपल्या उपासना संगीत ह्या गीतांच्या पुस्तकात आहेत, पाठ असतील तुम्हाला. सासूबाईंची कूस बदलताना, पाठीला पावडर लावताना त्यातलं एखादं म्हणा, त्यांना पण बरं वाटेल. मत्तय 25 मध्ये येशू म्हणतो मी आजारी होतो आणि तुम्ही माझा समाचार घेतला, म्हणजे तुम्ही ज्याला लांब समजताय तो त्या खोलीत आहेच.

पण हे वचन दाखवून सगळं तुमच्याच गळ्यात कुणी घालत असेल तर ऐकू नका. आई त्यांची आहे. ज्या रविवारी सुट्टी असेल त्या दिवशी मिस्टरांना आईजवळ बसवा आणि तुम्ही उपासनेला जा. डायपर बदलता येत नाही म्हणाले तर शनिवारी शिकवून ठेवा.