किटमधलं कार्ड, पण आपलं वाटेल असं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: कार्ड बनवायच्या किटमधली सगळी कार्डं बॉक्सवरच्या फोटोसारखी केली तर ती विकतचीच वाटतात. वेगळं काय करू?

वाटणारच, फोटो बघून तंतोतंत केलं की ते डिझाइन करणाऱ्याचं कार्ड होतं. पण म्हणून सगळंच बदलायला जाऊ नका, किटमधले रंग एकमेकांशी जुळवून दिलेले असतात, त्यात घरातले चार चमचमते स्टिकर घुसवले की विचका झालाच समजा. एकच गोष्ट बदला आणि ती त्या माणसाची असू दे. मैत्रिणीला सायकलचं वेड असेल तर ती रोज जाते त्या रस्त्याच्या नकाशाची प्रिंट काढा, किटमधल्या चौकोनाच्या मापाने कापा, किटमधल्या फुलांच्या गुच्छाऐवजी त्यावर एकच फूल, बाकी सगळं जसंच्या तसं. चिकटवायच्या आधी नुसतं मांडून मोबाईलवर फोटो काढा, तिरकं काही असलं तर फोटोत लगेच दिसतं.

प्रश्न: ताई, नाव लिहायचंय पण अक्षरांचे स्टिकर इंग्रजी आहेत, जेल पेन फरफटतं आणि माझं अक्षर म्हणजे देवाची करणी!

अक्षराची काळजी सोडा, नाव गिरवता येतं. कॉम्प्युटरवर हव्या त्या मापात टाइप करून प्रिंट काढा, कागदाच्या मागे मऊ पेन्सिल घासा, कार्डावर ठेवून अक्षरांच्या कडेने टोकदार पेनाने दाबत जा, खाली फिकट छाप उतरते. मराठी नावाला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो हे जागा ठरवताना धरा, नाहीतर ‘कौस्तुभ’चा वरचा भाग फुलात जातो. शाईने गिरवताना शिरोरेषा सगळ्यात शेवटी, पट्टी धरून.

फरफटण्याचं कारण कागद. गुळगुळीत कागदात शाई मुरत नाही, वरच राहते. साध्या मॅट कागदाच्या पट्टीवर नाव लिहा आणि ती पट्टी चिकटवा. गडद कागद असेल तर पांढरं जेल पेन दोनदा फिरवा, पण पहिली शाई पूर्ण वाळल्यावर.

प्रश्न: कार्डावर ‘हॅपी बर्थडे’ छापलंय आणि मला ते आजारी काकांना द्यायचंय.

ब्लेडने खरवडू नका, कागदाचे धागे निघतात आणि तिथे रंगही नीट बसत नाही. छापील अक्षरांपेक्षा चारी बाजूंनी थोडा मोठा तुकडा कापा, फोम टेपवर (दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड, मऊ टेप) उचलून लावा, ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. आणि ग्लिटर नको, त्याचे कण आजारी माणसाच्या अंथरुणावर सांडत बसतात.

प्रश्न: फोटो चिकटवला तर कार्ड वाकलं. जुनं सिनेमाचं तिकीटही लावायचं होतं.

पांढऱ्या गोंदात पाणी असतं, ते शोषून कागद एका बाजूने फुगतो. डबल साइड टेप घ्या. मूळ फोटो वापरू नका हो, प्रिंटच लावा. तिकीट बिलाच्या कागदासारखं गुळगुळीत असेल तर ते थर्मल पेपर, त्यावरची अक्षरं पुढे पुसट होतात, म्हणून त्याची झेरॉक्स लावा.

प्रश्न: आत काय लिहू? दरवेळी ‘खूप खूप शुभेच्छा’वर गाडी अडते.

शुभेच्छा राहू दे, पण वर एक खरी घटना लिहा. ‘तू किती मदत करतेस’ हे कुणीही कुणालाही लिहील. ‘परीक्षेच्या आदल्या रात्री तू दोन वाजेपर्यंत फोनवर माझ्याकडून गणितं सोडवून घेतलीस’ हे फक्त तिलाच लागू पडतं. तीन-चार ओळी पुरतात, आधी रफ कागदावर लिहून बघा. आणि हे सगळं बाहेरची सजावट चिकटवायच्या आधी, कारण पुढे मणी आणि फोम लागले की कार्ड सपाट बसत नाही आणि पेन उड्या मारतं.

प्रश्न: पाकीट बंदच होत नाही!

ए६ कार्ड १०५ × १४८ मिमी असतं, त्याला सी६ पाकीट (११४ × १६२) बरोबर बसतं, पण सपाट कार्डाला. बटणं, मणी, फोमचे थर असतील तर एक माप मोठं पाकीट घ्या आणि पोस्टाने जाणार असेल तर उंच भागावर जाड पुठ्ठा ठेवा. जाड पाकिटाला तिकीट जास्त लागू शकतं, ते आधी विचारून घ्या.